विजेच्या वाहनांसाठी चार्जिंगची सोय : खामगावच्या व्यावसायिकांनी आधी काय पाहावे

खामगाव हे वऱ्हाडातील कापसाच्या व्यापाराचे जुने ठाणे होय. 1870 साली जलंब ते खामगाव ही रेल्वेची शाखा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाली, ती मुख्यतः येथील कापूस मुंबईच्या मार्गावर लवकर पोहोचावा या हेतूने. त्या काळी कापूस बैलगाड्यांनी बाजारात येई आणि सौदा व मोजमाप होईपर्यंत गाडीवानास मुक्काम पडे. आधी बैल सोडून त्यांना वैरणपाणी करावयाचे, मग स्वतः शिदोरी सोडावयाची, असा क्रम असे. ज्या आवारात बैलांना सावली आणि हौदात पाणी मिळे, तेथे गाडीवान पुन्हा येणारच.

आज त्याच बाजारपेठेत मालवाहू तीनचाकी, ई-रिक्षा आणि विजेवर चालणाऱ्या दुचाकी दिसू लागल्या आहेत. गाडी बदलली, तरी तिला वैरण लागते ही गोष्ट काही बदललेली नाही. म्हणून कृषी सेवा केंद्राचे चालक, दालमिलवाले, जिनिंगचे मालक, महामार्गावरील धाबेवाले आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे पदाधिकारी असा प्रश्न विचारतात की, आमच्या जागेवर चार्जिंगची सोय करावी काय, आणि करावयाची तर कोणते यंत्र घ्यावे?

प्रश्नाचा दुसरा भाग बहुधा आधी विचारला जातो, आणि नुकसान तेथूनच सुरू होते. यंत्राची निवड ही या कामातील शेवटची पायरी आहे. तत्पूर्वी तीन गोष्टी पाहाव्या लागतात : गाडी आपल्या आवारात किती वेळ उभी राहते, आपल्या वीजजोडणीचा मंजूर भार किती आहे, आणि आपले अर्थिंग खरोखर काम करते की नुसते कागदावर आहे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की कोणते यंत्र घ्यावे हे जवळजवळ आपोआपच ठरते.

परवान्याविषयीची भीती प्रथम दूर करणे बरे. वाहनाची बॅटरी भरून देणे ही सेवा आहे, विजेची विक्री नव्हे, त्यामुळे विद्युत कायदा 2003 खाली त्यास वेगळा परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 13 एप्रिल 2018 रोजी स्पष्ट केले आहे. त्यानंतर मार्गदर्शक सूचना निघाल्या व वेळोवेळी सुधारल्या गेल्या. 17 सप्टेंबर 2024 च्या सूचनांत घर, कार्यालय, दुकान अशा ठिकाणच्या सोयींचाही विचार केलेला आहे. परवाना नको याचा अर्थ नियम नकोत असा मात्र नाही. सुरक्षिततेचे नियम केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने घालून दिलेले आहेत आणि ते लहान दुकानासही लागू आहेत.

गाडी किती वेळ उभी राहते

विजेच्या हिशोबात दोन मापे नीट ओळखावीत. किलोवॅट म्हणजे वीज किती वेगाने घेतली जाते ते, आणि युनिट म्हणजे एकूण किती घेतली ते. पाटाच्या पाण्याशी तुलना केली तर किलोवॅट ही पाण्याची धार आणि युनिट हे वाफ्यात साचलेले पाणी होय. दोन किलोवॅटची धार चार तास चालली तर आठ युनिट वीज जाते.

मालवाहू तीनचाकीची बॅटरी सामान्यतः सात ते अकरा युनिटांची असते, दुचाकीची दोन ते चार युनिटांची आणि लहान मालट्रकची वीस युनिटांच्या आसपास. बॅटरीत जेवढी वीज जाते त्याहून दहा-पंधरा टक्के अधिक वीज मीटरवर पडते, कारण काही भाग उष्णतेच्या रूपाने वाया जातो. सात-साडेसात युनिटांची बॅटरी पूर्ण भरण्यास मीटरवर सुमारे आठ युनिट पडतात, असे धरावे.

आता खामगावातील एखाद्या कृषी सेवा केंद्राची गाडी घ्या. सकाळी ती बियाणे व खते घेऊन आसपासच्या गावांना जाते, दुपारी परत येते आणि रात्री आठपासून सकाळी सातपर्यंत आवारात उभी असते. अकरा तासांत आठ युनिट भरावयाचे असतील, तर एक किलोवॅटची धारही पुरते. अशा गाडीसाठी तीस किलोवॅटचे शीघ्र चार्जिंग यंत्र घेणे म्हणजे परसातील भाजीपाल्यासाठी दहा अश्वशक्तीचा पंप बसविण्यासारखे आहे. 16 अँपिअरच्या चांगल्या औद्योगिक सॉकेटवर सव्वातीन किलोवॅटपर्यंत धार मिळते, आणि दुकानांपैकी बहुतेकांचे काम तेवढ्यात भागते. तीन गाड्या असतील तर ‘भारत एसी 001’ या नावाने ओळखली जाणारी, प्रत्येकी 3.3 किलोवॅटची तीन सॉकेटे असलेली पेटी उपयोगी पडते.

बैल रात्रभर रवंथ करतो तसा हा मंद भार आहे, आणि बॅटरीच्या आयुष्याच्या दृष्टीनेही तो हितावह ठरतो.

मंजूर भाराचा हिशोब

वीजबिलावर ‘मंजूर भार’ असा एक आकडा छापलेला असतो. अनेकांनी तो आजवर वाचलेलाही नसतो. समजा, एका दुकानाचा मंजूर भार 5 किलोवॅट आहे. दिवे व पंखे 1 किलोवॅट, कूलर व शीतपेटी 1 किलोवॅट आणि पाण्याची मोटर 1 किलोवॅट, असे एकूण 3 किलोवॅट तेथे आधीच वापरात आहेत. प्रत्येकी 2 किलोवॅट घेणाऱ्या दोन गाड्या एकाच वेळी जोडल्या, तर बेरीज 7 होते. म्हणजे मंजूर भार ओलांडला गेला.

यातून दोन वाटा निघतात. पहिली फुकटची आहे : दुकान बंद झाल्यावर एक गाडी संध्याकाळी नऊला व दुसरी पहाटे दोनला लागेल असे वेळदर्शक स्विच बसवावे. त्या वेळी शीतपेटीखेरीज काही चालू नसते आणि दोन्ही गाड्या सकाळपर्यंत भरून तयार होतात. दुसरी वाट म्हणजे महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करणे. गाड्या वाढणार असतील तर थ्री-फेज जोडणी घेऊन एकदाच पुरेसा भार मागावा, दरवर्षी थोडा थोडा वाढवीत बसू नये. अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, म्हणून वायरिंगचे काम प्रथमपासूनच अशा ठेकेदाराकडे द्यावे. गल्लीतल्या ओळखीच्या माणसाकडून तारा ओढून घेऊन नंतर अहवालापुरता ठेकेदार शोधण्याची रीत सोडलेली बरी.

खामगाव तालुक्यातील खेड्यांत आणखी एक अडचण जाणवते. रब्बीत हरभरा व गहू यांचे पाणी चालू असताना रोहित्रावर, म्हणजे आपल्या बोलीतील ‘डी.पी.’वर, पंपांचा ताण पडतो आणि दाब उतरतो. दाब फार उतरला की चार्जर स्वतःला बंद करून घेतो, आणि सकाळी गाडी अर्धीच भरलेली सापडते. हा यंत्राचा दोष नव्हे. अशा गावी चार्जर घेण्याआधी डिसेंबर-जानेवारीत, पंप चालू असताना, आपल्या मीटरवरील दाब वायरमनकडून मोजून घ्यावा व त्याची नोंद ठेवावी. पावसाळ्यात मोजलेला दाब येथे कामाचा नाही.

शेतीपंपाच्या विजेवर गाडी भरू नये

ही गोष्ट गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी बंधूंना स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना 2024 अन्वये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल 2024 पासून मोफत वीज देण्यात आली. बांधावर वीज आहे, बिल येत नाही, मग तेथेच दुचाकी किंवा मालवाहू तीनचाकी लावावी, असा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या कामासाठी जोडणी दिली त्याखेरीज अन्य कामासाठी वीज वापरणे हा विद्युत कायद्याच्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो, आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. भाड्याने चालणारी गाडी असेल तर हे प्रकरण अधिकच अंगाशी येते. शिवाय पंपाच्या पेटीत चार्जरला साजेसे संरक्षण क्वचितच असते, हा धोका निराळाच.

अर्थिंग आणि आपली काळी जमीन

गाडी रबरी चाकांवर उभी असते. त्यामुळे चार्जरमधील किंवा केबलमधील वीज चुकून गाडीच्या लोखंडी सांगाड्यात उतरली, तर तिला जमिनीत जाण्यास वाट नसते. ती सांगाड्यात दबा धरून बसते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला हमाल पोते उतरविण्यासाठी फाळक्याला हात लावतो, आणि वीज त्याच्या शरीरातून जमिनीत जाते. हे टाळण्यासाठी दोन उपाय एकत्र असावे लागतात : एक, उत्तम अर्थिंग. दुसरा, 30 मिलिअँपिअर गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण, ज्यास वायरमन आरसीसीबी म्हणतात. एमसीबी हे काम करीत नाही. ते जादा प्रवाहापासून तारांचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. दोन्ही सारख्याच दिसतात म्हणून दुकानदार एकाच्या जागी दुसरे बसवून घेतात, ही गफलत प्रस्तुत लेखकाने अनेक ठिकाणी पाहिली आहे.

आपल्या भागात अर्थिंगचा प्रश्न जमिनीमुळे अधिक बिकट होतो. काळी कापसाची जमीन ओली असते तेव्हा वीज उत्तम वाहून नेते. पावसाळ्यात चाचणी घेतली तर आकडे समाधानकारक येतात. परंतु हीच जमीन एप्रिल-मे महिन्यांत आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मग पुरलेल्या नळीभोवतीची माती तिच्यापासून सुटते व नळी विहिरीत सोडलेल्या दोरासारखी अधांतरी राहते. जुलैत दोन-तीन ओहम दाखविणारे अर्थिंग मे महिन्यात कितीतरी पटींनी वाढलेले सापडू शकते, आणि मालकास त्याचा पत्ताही नसतो, कारण दिवे-पंखे तर नेहमीप्रमाणे चालूच असतात.

म्हणून नळी किमान अडीच मीटर लांबीची घ्यावी, आणि जेथे खाली मुरूम लागतो तेथे एकाऐवजी दोन नळ्या अंतर ठेवून पुरून त्या जोडाव्यात. कोळसा व मीठ घालण्याची जुनी पद्धत चालते, पण मिठाने लोखंड खाल्ले जाते आणि काही वर्षांत नळी गळून जाते. बेन्टोनाइटसारखे ओल धरून ठेवणारे भराव आता बाजारात मिळतात, ते अधिक टिकतात. पद्धत कोणतीही असो, खड्ड्यावर झाकण ठेवून उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी घालावे, आणि चाचणी पावसाळ्यात न घेता मे महिन्यात घ्यावी. मे महिन्यातील आकडा पाच ओहमच्या आत आला तर चालेल, याहून कमी आला तर उत्तमच.

प्राधिकरणाच्या नियमांतील इतर गोष्टी थोडक्यात अशा : सॉकेट जमिनीपासून किमान 80 सेंटिमीटर उंच असावे, गाडी चार्जिंगच्या ठिकाणापासून पाच मीटरच्या आत उभी राहावी, चार्जिंगसाठी स्वतंत्र सर्किट असावे, आणि जोडवायर, म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड, मुळीच वापरू नये. या शेवटच्या नियमाचा भंग सर्वांत अधिक होतो. एका दुकानात खिडकीतून बाहेर काढलेल्या जोडवायरवर रात्रभर गाडी लावलेली होती. सकाळी प्लग काढताना त्याचे प्लास्टिक मऊ होऊन सॉकेटला चिकटलेले आढळले. पंख्याची वायर काही मिनिटे जादा भार सोसते, परंतु चार्जर सलग चार-सहा तास पूर्ण प्रवाह ओढीत असतो, हा फरक लक्षात घ्यावा. 16 अँपिअरच्या सॉकेटसाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घालावी. अंतर फार असेल तर याहून जाड घ्यावी.

रुई, भुसा आणि आग

खामगावसारख्या ठिकाणी हा विषय स्वतंत्रपणे मांडणे अगत्याचे आहे. जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात हंगामात रुईचे तंतू हवेत तरंगत असतात. ते तारांवर, पेट्यांवर, चार्जरच्या हवेच्या जाळीवर बसतात. चार्जर आधीच गरम असतो, जाळी बुजली की तो अधिक तापतो, आणि एखादी सैल जोडणी ठिणगी टाकते. गंजी लागल्यावर काय होते हे येथील लोकांना सांगावयास नको. दालमिलमधील भुशाची धूळही जवळजवळ तितकीच घातक आहे.

म्हणून जिनिंगच्या आवारात चार्जिंगची जागा कापसाच्या गंजीपासून, सरकीच्या ढिगापासून आणि गाठींच्या गोदामापासून दूर, शक्य तर फाटकाजवळच्या कार्यालयाच्या बाजूस, वाऱ्याची दिशा पाहून ठरवावी. भिंत विटांची व छप्पर पत्र्याचे असावे. कुडाच्या किंवा तट्ट्याच्या भिंतीवर पेटी बसवू नये. हंगामात रोज, पुरवठा बंद करून, कोरड्या ब्रशने जाळी साफ करावी. धान्याच्या गोदामांत उंदीर तारा कुरतडतात, त्यासाठी तारा लोखंडी नळीतून न्याव्यात.

ई-रिक्षांत अजून शिशाच्या बॅटऱ्या पुष्कळ आढळतात. त्या भरत असताना हायड्रोजन वायू सुटतो. बंद खोलीत तो साठला आणि कोणी बिडी पेटविली तर स्फोट होतो. अशा गाड्या उघड्या पडवीतच लावाव्यात. लिथियमच्या बॅटरीचा स्वभाव वेगळा आहे. उन्हात धावून आलेली गाडी लगेच जोडू नये, सावलीत अर्धा-पाऊण तास निवू द्यावी. विदर्भातील उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखालीही बरीच झळ असते, तेव्हा शेड उंच व दोन बाजूंनी मोकळी ठेवावी. फुगलेली, आपटलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी कधीही जोडू नये.

आग लागलीच तर प्रथम मुख्य स्विच बंद करावा, माणसे दूर न्यावीत आणि 101 क्रमांकावर अग्निशामक दलास कळवावे. वीज बंद झाल्याची खात्री होण्यापूर्वी पाणी मारू नये. लिथियमची बॅटरी विझल्यासारखी दिसली तरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून तशी गाडी गोदामात परत आणू नये.

महामार्गावरील धाब्याचा हिशोब

सुरतेहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 खामगाववरून जातो. शेगावला जाणाऱ्या भाविकांच्या मोटारीही याच बाजूने येतात. महाराष्ट्राच्या 2025 च्या विद्युत वाहन धोरणात महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय असावी असे उद्दिष्ट ठेवलेले आहे. तेव्हा धाबेवाल्यांना शीघ्र चार्जिंग यंत्राचे आकर्षण वाटणे साहजिक आहे. प्रवासी तास-दीड तासाहून अधिक थांबत नाही, म्हणून येथे मंद भार उपयोगाचा नाही, हेही खरे. तीस किलोवॅटचे यंत्र पंचवीस युनिट सुमारे पाऊण ते एक तासात देते. बॅटरी चार-पंचमांश भरल्यावर वेग मंदावतो.

पण हिशोब कागदावर मांडून पाहावा. समजा, दिवसाला चार मोटारी आल्या, प्रत्येकीने 20 युनिट घेतले, आणि खरेदी व विक्री यांत युनिटमागे 5 रुपये उरले. दिवसाचे 400 व महिन्याचे 12,000 रुपये झाले. यातून स्थिर आकार, दुरुस्ती, इंटरनेट आणि यंत्राच्या कर्जाचा हप्ता जावयाचा आहे. यंत्राची किंमत लाखांत असते, आणि शेजारच्या रोहित्रास हा भार झेपला नाही तर नव्या रोहित्राचा व वाहिनीचा खर्च निराळा. उच्चदाब जोडणी घ्यावी लागली तर विद्युत निरीक्षकाची मान्यताही लागते. दिवसाला चारच मोटारी येत असतील तर केवळ विजेवर हा धंदा उभा राहणार नाही. तासभर थांबलेला प्रवासी जेवण करतो, चहा घेतो, हेच तेथील खरे उत्पन्न आहे. ज्याचे स्वयंपाकघर चांगले चालते व स्वच्छतागृह स्वच्छ आहे, त्याने यंत्राचा विचार करावा. ज्याचे चालत नाही, त्याचे यंत्राने चालेल असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. जागा भाड्याने देऊन यंत्र दुसऱ्या कंपनीने बसवावे असा करारही होतो. भांडवल नसलेल्यास तो सोयीचा आहे, मात्र कराराची मुदत, विजेचे बिल कोण भरणार आणि यंत्र बंद पडल्यास किती दिवसांत दुरुस्त होणार, ही तीन कलमे वाचल्यावाचून सही करू नये.

याउलट बाजार समितीच्या आवाराचा विचार फारसा कोणी करीत नाही. तूर, हरभरा, सोयाबीन घेऊन आलेल्या गाड्या लिलाव व वजन होईपर्यंत तेथे तासन्‌तास उभ्या असतात. स्वस्त सॉकेटांची एक ओळ तेथे पुरेशी आहे, आणि थांबण्याचा वेळ तर आयताच मिळतो.

दर, सौरऊर्जा आणि नोंद

वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात सार्वजनिक चार्जिंग केंद्रांसाठी स्वतंत्र वर्गवारी आहे. आपल्याच जागेत आपलीच गाडी भरणाऱ्यास मात्र त्या जागेचा जो दर असेल तोच लागू होतो. दुकानाच्या मीटरवरून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या गाड्या पैसे घेऊन भरावयाच्या असतील तर वेगळी जोडणी घ्यावी. रात्रीची वीज स्वस्त हा जुना समजही आता तपासून घेतला पाहिजे. 2024 च्या केंद्रीय सूचनांचा कल चार्जिंग केंद्रांना सकाळी 9 ते दुपारी 4 या वेळेत कमी दराने वीज द्यावी असा आहे, कारण त्या वेळी सौरवीज मुबलक असते. चालू दरपत्रक पाहून वेळ ठरवावी.

छपरावर सौरपट्ट्या बसविल्यास प्रत्येक किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. दोन किलोवॅटच्या पट्ट्या एका मालवाहू तीनचाकीचे आठ युनिट भागवितात, परंतु गाडी दिवसा बाहेर असल्याने नेट मीटर घ्यावे लागते. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान घरगुती जोडणीसाठी आहे, दुकानासाठी नाही, हे अर्ज भरण्यापूर्वी जाणून असावे.

खर्चाची बचत खरोखर होते की नाही हे स्वतःच पडताळावे. युनिटचा सर्व आकार धरून 10 रुपये मानले, तर आठ युनिटांना 80 रुपये पडतात आणि तीनचाकी त्यात सत्तर-ऐंशी किलोमीटर जाते. भार जड असेल किंवा रस्ता खराब असेल तर कमी. चार्जिंगच्या सर्किटवर एक लहान उपमीटर बसवावा आणि भिंतीवर वही टांगावी. तीत तारीख, सुरुवातीचे व शेवटचे मीटर-वाचन आणि गाडीचे किलोमीटर एवढे रोज लिहावे. महिन्याच्या पहिल्या तारखेस आरसीसीबीचे चाचणीचे बटण दाबून ते पडते की नाही हे पाहावे व तसा शेरा लिहावा. मे महिन्यातील अर्थिंगचा आकडा त्याच वहीत तांबड्या शाईने नोंदवावा. बटण दाबूनही आरसीसीबी पडले नाही, तर ते बदलेपर्यंत त्या सॉकेटला गाडी लावू नये.